दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

२ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. फोनच करणार होते. पण गेल्या वेळी तुम्हाला नीट ऐकू आलं नाही आणि तुम्ही मला गॅस एजन्सीवाली समजून दहा मिनिटं झापलंत. म्हणून पत्र.

काम आहे, ते आधीच सांगते. तुमची एक सही हवी आहे.

आमच्या शहरात नदीपलीकडचे लोक वेगळी महापालिका मागतायत, हे तुम्ही वाचलं असेल. त्यांचं म्हणणं, पूल ओलांडला की नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे आणि झाडूवाले तिन्ही एकदम दिसेनासे होतात. ते खरंच आहे, पण महापालिकेच्या प्रसिद्धी विभागात बसून मला तसं म्हणता येत नाही. तर परवा शिरगणतीचा आकडा आला. शहराची लोकसंख्या दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. आमच्या ऑफिसात एक संगणकवाले आहेत, एरवी जन्माचे दाखले छापतात. ते चहा पिता पिता म्हणाले, "हा आकडा अविभाज्य आहे बरं का. एक आणि तो स्वतः सोडून याला कशानेच भाग जात नाही. मी मशीनवर चालवून बघितलं." महिन्याच्या टिपणात एक ओळ कमी पडत होती, म्हणून मी ते तिथे टाकलं.

महापौरांनी ती ओळ वाचली आणि खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "म्हणजे या शहराचे भाग पडू शकत नाहीत, हे गणितानंच सांगितलं?" मी म्हटलं, "साहेब, ते आकड्याबद्दल आहे." ते म्हणाले, "आकडा कुणाचा? शहराचाच ना?"

आता मोठ्या चौकात दगडी स्तंभ उभा राहतोय. त्यावर तो आकडा, खाली तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि सही. तज्ज्ञ कुठून आणायचा म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तुम्ही चौतीस वर्षं याच शहरात गणित शिकवलंत हे मी एकदा सांगून बसले होते. मजकूर सोबत जोडलाय. सही करून उलट टपाली पाठवा. मामीला नमस्कार.

तुमची,
भिंगरी

६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. ती गॅसवालीसुद्धा तुझ्याइतकीच घाईत बोलते, त्यात माझा दोष नाही.

निवृत्त माणसाला कुणी तज्ज्ञ म्हटलं की तो जरा ताठ बसतो. मीही बसलो. मामी म्हणाली, "पाठ दुखायची थांबली वाटतं." पण मजकूर वाचला आणि पुन्हा वाकलो. तू लिहिलंयस, 'याची मी स्वतः भागाकार करून खात्री केली आहे.' मी अजून एकही भागाकार केलेला नाही. केल्याशिवाय सही कशी करू?

शाळेत आम्ही अशा संख्येला मूळ संख्या म्हणायचो. अविभाज्यही म्हणतात, तुमच्या महापौरांना कुठला शब्द आवडला ते कळलंच. आता तपासायचं कसं, ते ऐक. संख्येचे दोन भाजक असले, तर त्यातला एक तरी तिच्या वर्गमुळाहून लहान असावाच लागतो. दोन्ही मोठे असतील तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून वर्गमूळ काढायचं आणि तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. नवी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर वर्गमूळ काढलं. एक हजार अकराला केसभर कमी. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत एकशे एकोणसत्तर. म्हणजे एकशे एकोणसत्तर भागाकार.

आजवर सहा झाले. शेवटी सात आहे, म्हणून दोन आणि पाच गेले. अंकांची बेरीज चौदा, म्हणून तीन गेला. सातने बाकी पाच उरते, अकराने आठ, तेराने पुन्हा पाच. रोज सात-आठ केले तर महिन्याच्या आत होईल. संगणकाचं मला सांगू नकोस. संगणक काय करतो ते त्याला चालवणाऱ्यावर असतं, आणि तुझे संगणकवाले चहा पिता पिता गणित करतात.

आणि एक विचारू? शिरगणतीनंतर तुमच्या शहरात कुणी जन्मलं नाही का? कुणी मेलं नाही?

मामा

२० फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

तुमचा शेवटचा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला. महापौर म्हणाले, "माणसं येतात-जातात. आकडा अधिकृत आहे." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

मामा, एकशे एकोणसत्तरला वेळ नाही हो. उद्घाटन २१ मार्चला ठरलंय. पाथरवटाने आकडा कोरूनही टाकला. तुमच्या सहीसाठी त्याने जागा मोकळी ठेवलीय आणि रोज ऑफिसात येऊन विचारतो, "बाई, मास्तरांचा भागाकार कुठवर आला?" शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर महापौर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणार आहेत. दुसरा कोण, सांगू? तुमच्याच शाळेतून निघून स्वतःचा क्लास काढला, तोच तो. त्याने निरोप पाठवलाय की, "मला तपासायचीसुद्धा गरज नाही, बघताक्षणी कळतं." त्याचं नाव चौकात दगडावर कोरलेलं तुम्हाला चालेल का? मला नाही चालणार.

आता खरं कारण. मी इथे सहा वर्षं कंत्राटावर आहे. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नवी म्हणून घेतात. महापौर म्हणालेत, स्तंभाचं काम नीट पार पडलं तर उद्घाटनाच्या दिवशी कायम नेमणुकीचं पत्र हातात. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

सही करून पाठवत आहे. पाकिटात घातलेल्या पुठ्ठ्यामुळे घडी पडणार नाही. अक्षर नीट यावं म्हणून आधी कोऱ्या कागदावर चार वेळा गिरवलं.

वहीचं काम व्यवस्थित चालू आहे. सगळीकडे बाकी उरते, कुठेही भाग जाण्याचं चिन्ह नाही. गणितात अनुभवालाही काही किंमत असते. चौतीस वर्षांनी माणसाला अंदाज येतोच. तेव्हा तू निर्धास्त राहा. त्या क्लासवाल्याला मात्र बघताक्षणी काहीही कळत नाही. त्याला नव्वदच्या पुढचा पाढासुद्धा येत नव्हता.

तुझ्या आईला काही सांगणार नाही.

मामा

ता. क. हे मामीचं. भिंगरी, तुझ्या मामांना सांग की जेवताना ताटाकडे बघावं. काल त्यांनी मला सहाशे एक्याण्णव चपात्या वाढायला सांगितल्या.

३ मार्च

तीर्थरूप मामा,

सही काय सुंदर आलीय! पाथरवट म्हणाला, असं वळणदार अक्षर कोरायला मिळणं नशिबात लागतं. खाली तुमचं पद कोरलंय, 'निवृत्त गणित शिक्षक'. स्तंभ उभा राहिला, त्यावर कापड झाकलंय. तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण कापडाची कड उचलून बघून जातो.

इथे काय चाललंय, तुम्हाला खरं वाटणार नाही. न्हाव्याच्या दुकानाचं नाव 'अविभाज्य केशकर्तनालय' झालं. केस कापणाऱ्याने ते नाव का घ्यावं, विचारू नका. विवाह नोंदणीच्या खिडकीवर आपला आकडा फ्रेम करून लावलाय. नवी जोडपी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात. मध्यंतरी महापौरांच्या लक्षात आलं की महापालिकेत जिकडे तिकडे 'विभाग' लिहिलंय. पाणीपुरवठा विभाग, स्वच्छता विभाग. "अविभाज्य शहरात विभाग कसे?" झालं, एका दिवसात सगळ्या पाट्या उतरवल्या. आता सगळे 'कक्ष' आहेत. पाट्या बदलताना पाणीपुरवठ्याची पाटी स्मशानाच्या ऑफिसवर लागली. तिथे आठ दिवस लोक नळाच्या तक्रारी घेऊन जात होते, आणि म्हणे, त्यांची दखल आधीपेक्षा लवकर घेतली गेली. शाळांना तोंडी सूचना आहे की भागाकाराचा धडा २१ मार्चनंतर घ्यावा.

नदीपलीकडचे एकदम गप्प झालेत. त्यांच्या पुढाऱ्याने म्हणे एका सभेत कबूल केलं की, "पाण्याचं उत्तर आमच्याकडे आहे, पण गणिताचं नाही."

कार्यक्रमाचं निवेदन मी करणार आहे. माइकवर. तुम्ही दोघं या ना! पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवते.

भिंगरी

१० मार्च

प्रिय भिंगरी,

आम्ही येणार नाही. का येणार नाही ते लिहायला मी तीन वेळा बसलो.

ही संख्या अविभाज्य नाही.

एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. करून बघ. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा, नेमके.

सही पाठवली तेव्हा माझे एकशे पंचवीस भागाकार झाले होते. सहाशे एक्याण्णवपर्यंत आलो होतो. चव्वेचाळीस उरले होते. तुला मी ते लिहिलं नाही. 'काम व्यवस्थित चालू आहे' असं लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. खोटं बोलायचं नसलं की माणूस अशीच वाक्यं शोधतो. तू कायम होशील हे एक कारण होतं. पण तुझ्यावर ढकलत नाही. त्या क्लासवाल्याचं नाव दगडावर येईल, हे मला जास्त झोंबलं.

सही गेल्यावर वही बंद करता आली असती. पण रोज सकाळी ती टेबलावर दिसायची. मग एक-एक करत राहिलो. सातशे गेले, आठशे गेले, नऊशे गेले. नऊशे सत्त्याण्णवने बाकी उरली तेव्हा मी मामीला म्हणालो, "सुटलो! आता एकच राहिला." काल दुपारी तो एकच केला. खाली शून्य आलं. मी पुन्हा केला. पुन्हा शून्य. भागाकारातलं शून्य बघून मुलांचे चेहरे कसे फुलायचे! मला घाम फुटला.

मामी शिवणयंत्रावर होती. तिला दोन्ही भाजक वाचून दाखवले. ती पायडल थांबवून म्हणाली, "म्हणजे मधोमध एक हजार अकरा. दोन इकडे, दोन तिकडे. मग तुम्ही मधून का नाही सुरू केलंत? मी तर कुठलाही कपडा मध्यावर दुमडूनच कापते." भिंगरी, मी तसाच वहीचं पहिलं पान उघडून बसलो. तिथे माझ्याच हातचं लिहिलेलं होतं: एक हजार अकराला केसभर कमी. एक हजार अकराचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा फक्त चारने मोठा. आणि चार म्हणजे दोनाचा वर्ग. एका वर्गातून दुसरा वर्ग वजा केला की बेरीज गुणिले वजाबाकी. हे सूत्र मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पोरांकडून घोकून घेतलं, विसरणाऱ्यांना बाकावर उभं केलं. पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर, दोन ओळींत उत्तर होतं. मी एकशे एकोणसत्तर भागाकार करत बसलो, आणि तेही पुरे व्हायच्या आत सही करून मोकळा झालो.

महापौरांना आजच्याच टपालाने वेगळं पत्र टाकलं आहे. सगळं खरं लिहिलंय. तुझा त्यात दोष नाही, हेही लिहिलंय.

मामा

१३ मार्च

मामा,

तुमचं महापौरांच्या नावाचं पत्र पोचलं. ऑफिसचं टपाल माझ्याच टेबलावर येतं, हे तुमच्या ध्यानात आलं नसेल. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वर कुलूप आहे.

संगणकवाल्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत तपासलं होतं?" म्हणाले, "हजारपर्यंत." मी म्हटलं, "हजारच का?" तर म्हणाले, "राउंड फिगर." नऊने हुकलं, मामा. आणखी नऊ पुढे गेले असते तर हा स्तंभच उभा राहिला नसता.

पण ते माझ्या रक्ताचे नाहीत. तुम्ही आहात.

मी नववीत तुमच्याच वर्गात होते. दोन मार्कांनी नापास झाले. आई तुमच्या दारात येऊन रडली, तुमची सख्खी बहीण. तुम्ही म्हणालात, "गणितात नातं नसतं. दोन म्हणजे दोन." अख्ख्या वर्गासमोर यादी वाचलीत. माझ्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि मी वर्षभर मागच्या बाकावर धाकट्या मुलींबरोबर बसले. मी तुम्हाला शिव्या दिल्या, पण मनातून मला वाटायचं, बाकी कसाही असो, माझा मामा आकड्याशी खोटं बोलणार नाही. सही मागायला तुमच्याकडे आले ती ओळखीसाठी नाही आले. तुम्ही सही केलीत म्हणजे ते खरंच असणार, एवढ्यासाठी आले.

तेव्हा दोन मार्क सोडता आले नाहीत. आणि आता चव्वेचाळीस भागाकार सोडलेत?

उद्घाटनाला आठ दिवस आहेत. पत्र कुलपात राहील. नवं पाठवलंत तर तेही याच टेबलावर येईल.

भिंगरी

१६ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. माझा चष्मा बरा आहे, तरी मी तिला वाचायला सांगितलं. मला ते ऐकायला हवं होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्या आईलाही नाही.

नववीचा निकाल वाचून दाखवल्यावर चार दिवसांनी मी पेपर गठ्ठ्यात बांधत होतो. तुझा वर आला. सहज पुन्हा बेरीज केली. भूमितीच्या एका प्रश्नाचे तीन मार्क मी आत दिले होते, पण पहिल्या पानावर आणायचे राहिले होते. तू एका मार्काने पास होतीस.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलो. दाराबाहेर बाकावर बसलो. विचार केला, यादी वाचून झालीय, फळ्यावर लागलीय. स्वतःच्या भाचीचेच मार्क वाढवले तर लोक काय म्हणतील? 'गणितात नातं नसतं' असं मी सगळ्या शाळेला ऐकवलं होतं. उठलो आणि गठ्ठा बांधून टाकला. तेव्हापासून तुझी आई तुझं कौतुक सांगायला लागली की मी विषय बदलतो. तुला वाटायचं, मामाला माझं कौतुक नाही.

तू माझ्याबद्दल जे मानत होतीस ते खरं नव्हतं. एवढंच सांगायला हे लिहितोय. माफी मागायची तर समोर येऊन मागेन. टपालाने मागितली तर तीही चुकवल्यासारखी होईल.

ड्रॉवरची किल्ली तुझ्याकडे आहे. मी नवं पत्र पाठवणार नाही. तुझी नोकरी आहे, तुझी सहा वर्षं आहेत. तू जे करशील ते मला मान्य आहे.

मामा

२५ मार्च

मामा,

तुमचं पत्र मिळालं. काय काय वाटलं ते लिहीत नाही. झालं काय, ते सांगते.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला आणि तुमचं पत्र महापौरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. विचारलं, "कितीने भाग जातो?" मी म्हटलं, "एक हजार नऊने." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, मग काय एवढं? एक हजार नऊचा पाढा कुणाला येतो?" तरी लगेच बंद दाराआड मीटिंग बसली. एक जण म्हणाले, एक हजार नऊ हा भाजक शहराबाहेरचा आहे, असं पत्रक काढू. दुसरे म्हणाले, आपल्या हद्दीपुरती व्याख्या ठरावाने बदलून घेऊ. 'हजारपर्यंत भाग न जाणारी ती अविभाज्य', म्हणजे संगणकवालेही बरोबर ठरतील. संगणकवाल्यांनी त्याला अनुमोदन दिलं. शेवटी ठरलं की २१ तारीख होऊन जाऊ दे, मग बघू. मला सांगितलं, "तुझं नेमणुकीचं पत्र टाइप होऊन तयार आहे. तुला तेवढं लिहून दिलेलं वाचायचंय."

चौक गच्च भरला होता. पुलापलीकडचेसुद्धा झाडून आले होते. कापड सरकलं, टाळ्या झाल्या. मी माइकसमोर गेले. हातात दोन कागद होते, त्यांनी दिलेला आणि तुमचा. मी तुमचा वाचला. अगदी 'आपला नम्र' पर्यंत. वाचता वाचता माइकचा दांडा मी एका हाताने इतका आवळला की तो हलायला लागला. लोकांना वाटलं, हावभाव करतेय.

आधी कुणाला कळलंच नाही. मग नदीपलीकडचा पुढारी खुर्चीवर चढला. "ऐकलंत? भाग जातो! गणितानंच सांगितलं! आमची वेगळी महापालिका झालीच पाहिजे!" त्याची माणसं नाचायला लागली. महापौर पांढरेफटक. तेवढ्यात स्तंभाजवळून पाथरवट ओरडला, "अहो, दोनने जातो का पण?" सगळे थांबले. पुढाऱ्याने माझ्याकडे बघितलं. पाथरवटच म्हणाला, "नाही जात. मी स्वतः कोरलाय, शेवटी सात आहे. विषम आहे तो. दोन महापालिका कशा करणार? करायचेच तर एक हजार नऊ तुकडे करा, एकेकात एक हजार तेरा माणसं."

तो टोमणा होता, मामा. त्याने तो टोमणाच मारला होता. पण महापौरांनी पुढाऱ्याकडे बघितलं, पुढाऱ्याने महापौरांकडे. दोघं मंडपामागे गेले आणि वीस मिनिटांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले. शहराचे एक हजार नऊ प्रभाग! एक हजार नऊ नगरसेवक! इकडच्या प्रत्येक इच्छुकाला जागा, तिकडच्याही. गेली पाच वर्षं जे एकमेकांच्या सभेत खुर्च्या फेकत होते, त्यांनी तिथेच एकमताने ठराव केला. आता कुणालाही वेगळी महापालिका नको आहे. नळाला पाणी मात्र अजून पुलाच्या अलीकडेच येतं.

मला आठ दिवस घरी बसायला सांगितलंय. नेमणुकीचं पत्र महापौरांनी माझ्यासमोर घडी करून खिशात घातलं. आईला सगळं सांगितलं, नववीचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, ये एकदा. मी बघते त्याच्याकडे." जरा तयारीनेच या.

भिंगरी

२९ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मामीच्या हातात कात्री होती. तिने ती खाली ठेवली आणि म्हणाली, "पोरगी धीट निघाली, आपल्या कुणासारखी नाही." यातला 'आपल्या' मी एकट्यावर घेतला.

तुझं नेमणुकीचं पत्र त्या खिशात गेलं, हे वाचून जेवण गेलं नाही. त्यांना मी लिहिलं तर तुझं आणखी बिघडेल, म्हणून लिहिलेलं नाही.

एकच विनंती आहे. दगडावरची माझी सही खरवडून काढायला सांग. महापालिकेला रीतसर अर्ज करतोय, तीन प्रतींत. त्या मजकुराखाली माझं नाव राहू देणं मला जमणार नाही. मी चौकात येऊन स्वतः छिन्नी धरायलाही तयार आहे, पण तुझ्या आईला भेटल्यावर हात शाबूत राहतील का, ते बघावं लागेल.

रविवारी आम्ही दोघं निघतो. सकाळच्या गाडीने.

मामा

२ एप्रिल

मामा,

रविवारपर्यंत थांबवत नाही म्हणून हे लिहितेय.

आधी माझं. काल ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, हिशोब करून मोकळी करतायत. तर एक हजार नऊ प्रभागांचा प्रस्ताव वर मंजुरीला गेलाय आणि तो परत येईपर्यंत एक हजार नऊ प्रभागांना एक हजार नऊ पत्रकं पाठवायची आहेत. ती कुणी करायची, यावर कुणीच हात वर केला नाही. महापौरांनी खिशातून तोच कागद काढला, घडी सरळ केली, तारीख खोडून नवी घातली. मी घेतला. तोंडावर भिरकावून निघून येईन असं तुम्हाला वाटलं असेल तर सॉरी, मामा. सहा वर्षं झाली. मी घेतला आणि घरी येऊन रडले.

आता तुमचा अर्ज. तो मंजूर झाला नाही. प्रमाणपत्राखालची सही काढली तर प्रमाणपत्र बिनसहीचं होतं, आणि बिनसहीचा कागद महापालिकेत चालत नाही, मग तो दगडाचा का असेना. शिवाय प्रभाग तर आता याच आकड्यावर पाडायचेत, म्हणून स्तंभही हवाच आहे. फाइल तीन टेबलं फिरली. शेवटी कंटाळून त्यांनी पाथरवटालाच विचारलं, "कमीत कमी काय केलं की हे बरोबर होईल?"

तो आज दुपारी शिडी लावून चढला. मी खाली उभी होते. मजकूर त्याने एकदा बोट ठेवून वाचला आणि म्हणाला, "बाई, एका अक्षराचं तर काम आहे." अर्ध्या तासात त्याने 'अविभाज्य' मधला 'अ' उडवला. बाकी कशालाच हात लावला नाही.

आता दगडावर असं आहे: 'दहा लाख बावीस हजार एकशे सतरा ही संख्या विभाज्य आहे, याची मी स्वतः भागाकार करून खात्री केली आहे.' 'अ' होता तिथे दगड जरा पांढरा दिसतो. खाली तुमची सही आहे.

खरीच आहे की ती आता.

भिंगरी